शुगर-बीपी निघाल्यावर ताटात काय बदलायचं: मराठवाड्यातल्या घरांसाठी

रिपोर्ट हातात पडला की दोन दिवसांत घरात सल्ला देणाऱ्यांची रीघ लागते. शेजारची काकू कारल्याचा रस सांगते, मेहुणा व्हिडिओ पाठवतो, एखादा सोयरा म्हणतो, "गोळी एकदा चालू केली की जन्माची मागं लागती, आधी झाडपाला करून बघ." डॉक्टरांकडं बाहेर पन्नास माणसं बसलेली, त्यामुळं ते एवढंच म्हणतात, "गोड बंद, तेलकट कमी, चालत जा." उद्या सकाळी चुलीवर काय ठेवायचं, ते कुणीच सांगत नाही.

मी लातूर जिल्ह्यातली. माझी शुगर आणि मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, बीपी एकाच स्वयंपाकघरात सांभाळते. खाणं बदलून फरक पडतो, चांगला पडतो, हे मी बघितलंय. पण तो मोजल्याशिवाय कळत नाही, आणि गोळ्या फेकून तर हाती काहीच लागत नाही. हा लेख त्या हिशोबानं वाचा.

काही जणांनी हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा: लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले, गरोदर बाया, ज्यांचं क्रिएटिनीन (रक्तातली किडनीची तपासणी) वाढलंय ते, आणि ज्यांची शुगर ३०० च्या पुढं असून वजन झपाट्यानं उतरतंय ते. किडनीच्या दुखण्यात डाळ आणि फळांचाही वेगळा हिशोब असतो, तिथं माझं ऐकू नका.

१. रिपोर्टवरचे आकडे स्वतः वाचा

"थोडी वाढलीय" हा आकडा नव्हे. उपाशीपोटी शुगर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ आणि वर म्हणजे मधुमेह. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते: ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. त्रास काही नसेल तर एकाच रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा तपासतात. उंबरठ्यावर असाल तर तुमचं नशीब चांगलं, कारण खाण्यापिण्याचा सगळ्यात जास्त उपयोग तिथंच होतो. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या पाहणीत देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी निघाले आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींच्या वर.

एक खाच इथं आहे. आपल्याकडच्या बायांमध्ये रक्त कमी असणं घरोघरी. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटी वाढलेली दिसू शकते. म्हणून सोबत हिमोग्लोबिन बघून घ्या आणि दोन्ही कागद डॉक्टरांपुढं एकत्र ठेवा.

बीपीचं तसंच. दवाखान्यात १४०/९० च्या वर आणि घरी शांतपणे मोजल्यावर १३५/८५ च्या वर सतत येत असेल, तर तो बीपी. एकदा जिना चढून, भांडून किंवा तंबाखू मळून आल्यावर घेतलेला आकडा धरू नका.

शेवटचा आकडा टेप लावून घ्यायचा: पोटाचा घेर. पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० सेंटिमीटर, याच्या वर गेला की धोका वाढतो. आपली माणसं अंगानं वाळकी आणि पोटानं पुढं असतात. वजनकाटा त्यांना "ठीक आहे" म्हणतो आणि फसवतो.

२. हाताशी काय लागेल

कागद:
- आधार कार्ड, आभा (सरकारी आरोग्य ओळख) क्रमांक असेल तर तो, आणि जुने सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावून एका फाईलमध्ये
- चालू गोळ्यांची नावं आणि मिलिग्रॅम. नुसतं "पांढरी गोळी, सकाळी" चालत नाही, रिकामी स्ट्रिप ठेवा

सामान:
- शंभर पानी वही
- शिवणकामाचा टेप
- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा
- दंडाला पट्टा बांधायचं बीपी मशीन. मनगटाचं घेऊ नका
- गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ग्लुकोमीटर, म्हणजे घरी शुगर मोजायचं मशीन

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची शुगर-बीपी तपासणी गावातल्या उपकेंद्रात होते. आता त्याच्यावर आयुष्मान आरोग्य मंदिराची पाटी लागली आहे. आशाताईला विचारा, ती फॉर्म भरून नेते. पुढची तपासणी आणि गोळ्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या एनसीडी (शुगर-बीपीसारख्या न पसरणाऱ्या आजारांच्या) क्लिनिकमध्ये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ किंवा नांदेडचं शंकरराव चव्हाण ही मेडिकल कॉलेजं दुसऱ्या खात्याकडं येतात, तिथले नियम तिथं विचारा. बाहेरून गोळ्या घ्यायच्या असतील तर आधी जनऔषधी दुकान बघा.

३. पहिला आठवडा काहीच बदलू नका, नुसतं लिहा

हे ऐकायला येडेपणाचं वाटतं. पण पहिल्याच दिवशी सगळं बंद केलं तर कशामुळं फरक पडला ते कधीच कळणार नाही. वहीत चार रकाने पाडा: वेळ, काय खाल्लं, किती, शुगर किंवा बीपी.

बीपी घेताना पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा घ्या आणि दोन्ही लिहा. शुगर घेताना हात साबणानं धुऊन कोरडे करा. बोटाला गुळाचा नाही तर आंब्याचा अंश असला तरी मशीन भलताच आकडा दाखवतं. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही, तिथं दुखतं. स्ट्रिपची डबी घट्ट बंद ठेवा. बहुतेक स्ट्रिपांना ३० अंशांच्या वरची उष्णता चालत नाही, आणि आपल्याकडं चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खोलीत काय होतं ते सांगायला नको.

आठवड्यानंतर वही वाचलीत तर आरोपी बहुतेक घरांत एकच सापडतो.

४. चहा

भाकरी, भात, तेल सगळं नंतर. आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला पाण्याआधी चहा मिळतो, आणि नाही म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटतं. एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर. दोन चमच्यांचे सहा कप म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम, तीही पाण्यात विरघळलेली, म्हणजे रक्तात उतरायला काहीच वेळ लागत नाही.

बंद करायला जाऊ नका, टिकत नाही. आधी कप निम्मा करा. मग दर आठवड्याला अर्धा चमचा साखर उतरवा. महिन्याभरात जीभ सवयीची होते, मग लग्नातला चहा घशाखाली जात नाही. पाहुण्याकडं गेल्यावर "मला बिनसाखरेचा" हे दारातच सांगायचं, चहा चुलीवर चढायच्या आधी.

गुळाचा चहा हा भ्रम सगळ्यात जास्त पसरलेला. गुळात थोडं लोह-बिह असतं, पण बाकी बहुतांश साखरच. रक्ताला गूळ आणि साखर सारखीच. मधाचंही तेच. "साखर नाही, गुळाचं आहे" म्हणून पुरणाची तिसरी पोळी वाढणाऱ्या मावशीला नमस्कार करा आणि ताटावर हात आडवा धरा.

५. ताट: भाकरीला देव करू नका

"आम्ही ज्वारीच खातो, आम्हाला शुगर कशी?" हा प्रश्न दवाखान्याच्या बाकावर रोज ऐकायला मिळतो. १०० ग्रॅम ज्वारीत पिष्टमय पदार्थ साधारण ६८ ग्रॅम, गव्हाच्या कणकेत ६४ च्या आसपास. तंतू दोन्हींत दहा-अकरा ग्रॅम. म्हणजे नुसतं धान्य बदलून फारसं काही हलत नाही. मग भाकरीचा फायदा कशात? ती मैद्याची आणि पॉलिशच्या भाताची जागा घेते, चावायला वेळ लागतो, आणि तिच्यासोबत पालेभाजी-पिठलं-चटणी येते. फायदा या सगळ्याचा मिळून आहे. चहात बुडवून खाल्लेल्या दोन भाकरी त्यात धरू नका.

एक काम आजच करा. रोजच्या भाकरीचा उंडा थापण्याआधी कोरडं पीठ काट्यावर ठेवा. आमच्याकडं एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ निघालं. मला वाटत होतं चाळीस-पन्नास असेल. ९० ग्रॅम पीठ म्हणजे ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ, दोन भाकरी झाल्या की १२०. त्या दिवसापासून उंडा निम्मा केला. परात तीच, थापायची पद्धत तीच, भाकरी तेवढी तळहाताहून थोडी मोठी. मामांना पहिले दोन दिवस पटलं नाही. "कामून एवढी बारकी करायलीस? पीठ सरलं का?" मग मी वाटीभर वरण आधी वाढायला लागले आणि तक्रार आपोआप थांबली.

क्रम असा धरा: आधी कच्चं, म्हणजे काकडी, मुळा, कांदा, गाजर. मग पालेभाजी आणि डाळ-उसळ. शेवटी भाकरी, आणि भात घ्यायचाच तर दोन घास. पोटात तंतू आणि प्रथिनं आधी गेली की जेवणानंतरची शुगर कमी उसळते. ग्लुकोमीटर असेल तर जेवण तेच ठेवून एक दिवस उलट्या क्रमानं जेवून बघा, दोन तासांनी दोन्ही आकडे वहीत लिहा.

पालेभाजी विकत आणायची गरजच फार कमी. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, अंबाडी. हिवाळ्यात करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला, शेपू, मेथी. पाथरी बांधावर फुकट मिळते. उन्हाळ्यात टंचाई असते, तेव्हा हरभऱ्याचा वाळवलेला पाला कामाला येतो. दोन माणसांना एक जुडी हा हिशोब. परातभर निवडलेली भाजी शिजून वाटीभर होते, तेव्हा "एवढी कशाला" म्हणू नका.

प्रथिनं आपल्या ताटात कमी पडतात. हे थोडं विचित्रच आहे, कारण तूर, हरभरा, मूग, हुलगे, सोयाबीन सगळं आपल्याच शिवारात पिकतं. लातूरच्या बोरसुरी तुरीच्या डाळीला तर २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तूर आणि हुलग्यात शंभर ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत, सोयाबीनमध्ये त्याच्या दीडपट. आपण मात्र सोयाबीन मोंढ्यावर घालतो आणि घरी पातळ वरणाच्या पाण्यात भाकरी बुडवतो. वरण घट्ट करा. मटकीला मोड आणा. हुलग्याचं माडगं संध्याकाळच्या जेवणाला पुरतं. सोयाबीन खायचं तर भिजवून पूर्ण शिजवून, कच्चं पीठ भाकरीत मिसळू नका, पचत नाही. अंडी खात असाल तर प्रश्नच मिटला.

शेंगदाणा चांगला, पण मूठभर, ३० ग्रॅमच्या आत. शेंगदाण्याची चटणी कमी करून आलटून-पालटून जवसाची आणि कारळाची करा. तेल करडईचं वापरा, शेंगदाण्याचं वापरा, घाण्याचं वापरा. भांडण तेलाच्या जातीवर नको, किती घालताय त्यावर करा. माणशी महिन्याला अर्धा किलो-पाऊण किलोच्या पुढं जात असेल तर हात आखडा.

ज्यांचं रक्त कमी आहे त्यांनी ‘परभणी शक्ती’ ज्वारीचं बियाणं किंवा धान्य मिळतंय का ते बघावं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं आणि इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेनं मिळून काढलेलं २०१८ चं हे वाण, त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. जेवणात लिंबू पिळा म्हणजे ते लोह अंगी लागतं, आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, तो ते अडवतो.

६. मिठाच्या पुड्यावर तारीख घाला

बीपीवाल्यांसाठी ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं धरून. घरात कोण मोजणार? त्यावर सोपा उपाय: पुडा फोडला त्या दिवशी त्यावर पेनानं तारीख टाका. चार माणसांच्या घरात एक किलोचा पुडा ५० दिवस पुरला पाहिजे. तीस दिवसांत संपला तर उत्तर मिळालं. आणि यात पापड, लोणचं, फरसाण, खारवलेल्या मिरच्या धरलेल्याच नाहीत, म्हणजे खरं तर पुडा त्याहून जास्त पुरायला हवा.

कुठं कमी करायचं? भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर तिथं पूर्ण बंद, कुणाला कळतही नाही. ठेच्यात लिंबू आणि लसूण वाढवा. ताटात मिठाची वाटी ठेवू नका. आमटीला येसर, आमचूर, चिंच, कोथिंबीर असली की मीठ थोडं कमी पडलेलं जाणवत नाही.

सैंधव हेही मीठच आहे, गुलाबी असलं तरी. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. किडनी नाजूक असेल किंवा टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका.

१९९७ मध्ये अमेरिकेत ‘डॅश’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मीठ तेवढंच ठेवून नुसत्या भाज्या, फळं आणि कमी सायीचं दूध-दही वाढवलं, तरी बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ नं उतरला. आपल्याकडं त्याचा अर्थ पालेभाजी, पेरू, ताक. ताक मात्र बिनमिठाचं.

७. चाला, पण जेवल्यावर

आठवड्याला १५० मिनिटं हे सगळे सांगतात. माझा अनुभव असा की रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तर दुसऱ्या दिवशीचा उपाशी आकडाही सुधारतो. "शेतात राबतो की" म्हणणाऱ्यांनी प्रामाणिकपणे बघावं: पेरणी-काढणीत राबता, मधल्या महिन्यांत पारावर बसता. मे महिन्यात सकाळी सातच्या आत उरका.

८. काढे, रस आणि पुड्या

इथं सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ जातो, म्हणून सविस्तर.

मेथीदाणे: रात्री भिजवलेला चमचाभर चावून खा. तंतूंमुळं शुगर थोडी हळू चढते. थोडी, एवढंच. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी विचारा.

कारलं: भाजी करून हवी तेवढी खा. शुगर उतरवणाऱ्या गोळीवर पेलाभर रस घेतला तर शुगर धाडकन खाली येऊ शकते.

दुधीचा रस: पिणारच असाल तर आधी कच्चा तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर सगळा दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसानं रक्ताच्या उलट्या झालेले आणि दगावलेले लोक आहेत, आयसीएमआरनंही त्याबद्दल इशारा दिलेला आहे.

हळद: वसमतची आणा, भाजीत घाला, काही धोका नाही. मिरी घातलेल्या जास्त मात्रेच्या कॅप्सूल वेगळी गोष्ट, त्यानं काहींच्या यकृताला इजा झालेली आहे. गुळवेलीबद्दलही कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, चुकीची वनस्पती वापरली गेली असेल असं म्हटलं. माझ्यापुरता मी त्यातून एवढाच अर्थ काढला: बांधावरून कुणीही तोडून आणलेली वेल रोज पिऊ नये.

आणि आता पुड्या. बाजाराच्या दिवशी, बसस्टँडजवळ, कधी लॉजवर खोली घेऊन बसलेले ‘वैद्य’ बिनलेबलची पावडर देतात. काहींत गोळीच कुटून घातलेली असते, काहींत जड धातू. गुडघेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड सापडतं. दुखणं चार दिवसांत पळतं, भूक लागते, चेहरा भरतो, आणि शुगर चारशेवर जाते. ओळख अशी: पाकिटावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, घटक नसतील तर घेऊ नका. "मधुमेह मुळापासून बरा" अशी जाहिरात दिसली की समजून जा. १९५४ च्या औषधी आणि जादूटोणा उपचार जाहिरात कायद्यानं मधुमेह आणि रक्तदाब बरा करतो अशा जाहिरातींवर बंदीच आहे. जो पहिल्याच ओळीत कायदा मोडतो, त्याच्या पुडीत काय असेल?

नोंदणीकृत बीएएमएस डॉक्टरांकडून आयुर्वेदिक औषध घेणार असाल तर जरूर घ्या. फक्त दोन्ही डॉक्टरांना दोन्हीकडच्या गोळ्या दाखवा. लपवाछपवी दवाखान्यात नको.

९. उपास, येळवस आणि पंगत

एकादशीला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. भगर त्यापेक्षा बरी, पण तीही वाटीभरच, सोबत शेंगदाण्याची आमटी आणि दही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर निर्जळी उपास, नवरात्राचे नऊ दिवस किंवा रोजे यांच्याआधी निदान पंधरा दिवस डॉक्टरांकडून गोळीच्या वेळा बदलून घ्या. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तर उपाशीपोटी आणि पाणी कमी पडल्यावर वेगळाच त्रास देतात, हे मुद्दाम विचारा.

लातूरकडून गावोगावी पसरलेलं दिवसातून दोनदाच जेवण मी नावं ठेवून बाजूला करणार नाही. मधली खादाडी आणि चहा बंद होतो, अनेकांचं पोट उतरतं. पण वरच्या गोळ्या चालू असताना स्वतःच्या मनानं ते सुरू करणं धोक्याचं.

शुगर उतरल्याची खूण घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे: घाम, थरथर, छातीत धडधड, बडबड. ७० च्या खाली आकडा आला की तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. इथं गोड वर्ज्य नाही! बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा.

येळवशीला घाबरू नका. मार्गशीर्ष अमावस्येला शेतातलं ते जेवण नीट बघितलं तर बरंचसं आपल्या कामाचं आहे: भज्जीत डाळी, हरभरे, पालेभाजी, आंबिलीत ताक आणि ज्वारी. वाटीभर भज्जी पहिल्यांदा, शेंगदाण्याची गोड पोळी शेवटी आणि अर्धीच. हुरड्याला मात्र सांभाळा. कोवळी असली तरी ती ज्वारीच, आणि गप्पा मारता मारता तीन कणसं कधी संपली ते कळत नाही.

१०. फडावर जाणाऱ्यांसाठी, आणि उन्हाळ्यासाठी

बीड, धारूर, पाटोद्याकडून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्यांचे सगळ्यात जास्त हाल होतात. चार-पाच महिने गाव सुटतं आणि गोळ्याही सुटतात. निघायच्या आधी एनसीडी क्लिनिकमध्ये जाऊन सांगा, जास्त दिवसांच्या गोळ्या मागा आणि चिठ्ठीचा फोटो दोन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तीच चिठ्ठी दाखवली की गोळ्या मिळायला सोपं जातं. पहाटे कोयता हातात घ्यायच्या आधी अर्धी भाकरी आणि डाळ पोटात गेली पाहिजे, नुसत्या चहावर मोळ्या उचलू नका. खिशात साखरेची पुडी असू द्या.

इन्सुलिन असेल आणि फ्रीज नसेल किंवा लाईट जात असेल तर माठ वापरा. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात कोरड्या डबीत इन्सुलिन, वरून ओलं फडकं, सावलीत आणि वाऱ्याला. वाळू दिवसातून दोनदा ओली करा. पाणी डबीत जाऊ देऊ नका. वापरायला काढलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवायची, तारीख वर लिहा. बर्फात गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं.

बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. ४२ अंशांत त्या घेऊन शेतात गेलात तर चक्कर येते. उन्हाळा लागला की डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बघतात.

११. गोळी कमी कशी होते

सगळ्यांना याचीच घाई असते. तीन महिने वही भरा, मग एचबीएवनसी पुन्हा करा, वही आणि रिपोर्ट दोन्ही टेबलावर ठेवा आणि थेट विचारा, "डॉक्टर, यातली कोणती कमी करता येईल?" वही बघितली की डॉक्टर वेगळ्या सुरात बोलतात. शुगर वारंवार ७० च्या आसपास किंवा खाली यायला लागली तर तीन महिने थांबू नका, तेव्हाच जा, तेव्हा गोळी कमी करणं हाच उपचार असतो. बीपीची अटेनोलॉल-मेटोप्रोलॉल जातीची गोळी एका दिवसात कधीही तोडू नका, हृदयावर येतं.

मधुमेह मागं हटतो का? ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात डॉक्टरांच्या देखरेखीखाली कडक आहार पाळून वजन उतरवलेल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षानंतर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांमध्ये ८६ टक्के. पण ते सगळे मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतले आणि इन्सुलिन न घेणारे होते. वीस वर्षांच्या शुगरला हीच आशा दाखवणं बरोबर नाही. वजन परत आलं की शुगरही परत येते.

मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच. पायाला मुंग्या येतात त्या दरवेळी शुगरच्याच असतात असं नाही.

१२. वर्षातून एकदा, आकडे चांगले असले तरी

डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनीन, कोलेस्टेरॉल आणि तळपाय. पडदा तपासताना डोळ्यात थेंब घालतात, काही तास अंधुक दिसतं, त्यामुळं गाडी चालवायला कुणाला तरी सोबत न्या. तळपाय घरीच रोज बघायचे: भेग, फोड, काटा, रंग बदललेलं नख. संवेदना कमी झालेल्या पायाला तापलेली वाट कळत नाही. कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचा नवस असेल तर पुजाऱ्याला विचारून तो मऊ तळव्याच्या चपलेवर फेडा, सुती मोजे घाला, आणि प्रत्येक मुक्कामाला बॅटरी लावून दोन्ही तळवे बघा. वाकून दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगा.